वैद्यकीची सनद आणि पूर्णाकाठचे गाव

येलदरीच्या धरणातून सुटलेली पूर्णा नदी पुढे जेथे दुसऱ्यांदा अडवली जाते, त्या सिद्धेश्वर गावाचे नाव मराठवाड्यात बहुतेकांना ठाऊक आहे ते १९६८ साली पुऱ्या झालेल्या धरणामुळे. गाव औंढा नागनाथ तालुक्यातले, जिल्हा हिंगोली. धरणाचे पाणी यंदा किती भरले, कालव्याला किती पाळ्या सुटणार आणि आपल्या चारीला ते कोणत्या दिवशी येणार, याचा हिशेब तेथल्या शेतकऱ्याला तोंडपाठ असतो; परंतु ताप, सर्पदंश किंवा अडलेले बाळंतपण घेऊन तो ज्याच्या दारी धावतो त्या डॉक्टरला औषध देण्याचा अधिकार कोणी दिला, कशाच्या आधारावर दिला आणि तो काढून घेण्याची सत्ता कोणापाशी आहे, याची विचारपूस करण्याचा प्रसंग त्याच्यावर सहसा येत नाही.

वास्तविक या प्रश्नाचे उत्तर त्याच्या खिशातच असते. दवाखान्यातून मिळालेल्या चिठ्ठीच्या माथ्यावर डॉक्टरचे नाव, त्याखाली पदवीची अक्षरे आणि त्याही खाली बारीक टायपात एक आकडा छापलेला असतो. औषधाचे नाव कितीही वेड्यावाकड्या अक्षरात लिहिलेले असले तरी मेडिकलवाला ते लावून घेतो, पदवीची अक्षरे क्वचित कोणी वाचतो, आणि आकड्याकडे तर कोणीच पाहत नाही. हा आकडा छापणे डॉक्टरच्या मर्जीवर सोडलेले नाही. २००२ साली लागू झालेल्या व्यावसायिक आचारसंहितेने तो दवाखान्यात दर्शनी लावावा, चिठ्ठीवर, दाखल्यावर आणि पैशाच्या पावतीवर लिहावा असे बंधन घातले आहे. तो राज्याच्या वैद्यक परिषदेच्या दप्तरातील नोंदणीचा क्रमांक होय, आणि देशातील वैद्यकीय शिक्षणाचे नियमन करणाऱ्या संस्थांचा सारा पसारा, त्यांचे कायदे, मंडळे, तपासण्या आणि परीक्षा, अखेरीस या एका दप्तरात कोणाचे नाव चढवावे आणि कोणाचे उतरवावे एवढ्यासाठीच मांडलेला असतो.

असे दप्तर ठेवण्याची कल्पना आपल्याकडे इंग्लंडातून आली. तेथे एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत वैद्यकीचे परवाने देणाऱ्या संस्था अनेक होत्या, प्रत्येकीची परीक्षा निराळी होती, आणि कोणत्याही परीक्षेवाचून वैद्यकी करणाऱ्यांची संख्या तर मोजण्यापलीकडची होती. १८५८ च्या कायद्याने जनरल मेडिकल काउन्सिल स्थापन झाले आणि एका नोंदवहीत पात्र वैद्यांची नावे येऊ लागली. या कायद्यातील एक बारकावा ध्यानात ठेवण्याजोगा आहे. नोंद नसलेल्या माणसाने रोग्याला औषध देऊच नये असे त्याने म्हटले नाही. आपण नोंदलेले वैद्य आहोत असा खोटा दावा मात्र करू नये, एवढेच म्हटले. रोग्याला निवड करता यावी म्हणून खरे-खोटे वेगळे ओळखू येण्याची सोय राज्यसत्तेने केली, आणि निवडीचा भार रोग्यावरच ठेवला.

मुंबईत वैद्यकीय शिक्षणाचा आरंभ त्यापूर्वीच झाला होता. १८४५ साली ग्रँट मेडिकल कॉलेज सुरू झाले, शेजारी जमशेटजी जीजीभाई यांच्या देणगीतून रुग्णालय उभे राहिले, आणि पहिल्या तुकडीतून भाऊ दाजी लाड यांच्यासारखा मनुष्य बाहेर पडला, ज्याला वैद्यकीइतकीच प्राचीन शिलालेखांची गोडी होती. परंतु महाविद्यालय असणे निराळे आणि दप्तर असणे निराळे. हिंदुस्थानात प्रांतिक पातळीवरचा वैद्यक-नोंदणीचा पहिला कायदा १९१२ साली मुंबई इलाख्यानेच केला. बंगाल आणि मद्रास यांनी १९१४ साली त्याचे अनुकरण केले. त्याच १९१२ साली मुंबईत कॉलेज ऑफ फिजिशियन्स अँड सर्जन्स ही परीक्षा घेणारी संस्थाही निघाली, आणि तिची एल.सी.पी.एस. ही सनद घेतलेले डॉक्टर पुढे कित्येक दशके महाराष्ट्राच्या तालुक्या-तालुक्यांत दवाखाने थाटून बसले. जुन्या माणसांच्या बोलण्यात ‘एल्शीपीएस डॉक्टर’ असा उल्लेख अजूनही कानी येतो.

सिद्धेश्वर मात्र मुंबई इलाख्यात नव्हते. तो मुलूख निजामाच्या हैदराबाद संस्थानातला, परभणी जिल्ह्यातला. हिंगोलीस हैदराबाद कंटिंजंट या फौजेची छावणी होती, आणि मुंबईचा कायदा, मुंबईची सनद, मुंबईचे दप्तर यांचा अंमल संस्थानाच्या हद्दीवर येऊन थांबत असे. हैदराबादेत १८४६ साली, म्हणजे ग्रँट कॉलेजानंतर अवघ्या एका वर्षाने, रेसिडेन्सीचे शल्यवैद्य मॅक्लीन यांच्या देखरेखीखाली वैद्यकशाळा निघाली आणि तेथे पाश्चात्त्य वैद्यक उर्दूतून शिकवले जाऊ लागले. शिकून बाहेर पडलेल्यांना हकीम ही पदवी मिळे. मुंबईत इंग्रजीवाचून वैद्यकाचे एक अक्षरही शिकवता येणार नाही असे मानले जात असताना हैदराबादेत शरीररचना आणि शस्त्रक्रिया देशी भाषेतून शिकवली जात होती, ही गोष्ट आजच्या माध्यमाच्या वादात कोणी फारशी आठवत नाही. पुढे तेथेही इंग्रजी आली. या वैद्यकशाळेचे पुढचे प्रमुख एडवर्ड लॉरी यांच्या कारकिर्दीत, १८८८ आणि १८८९ साली, क्लोरोफॉर्मच्या सुरक्षिततेविषयी नेमलेल्या दोन चौकशी-मंडळांनी हैदराबादचे नाव जगभरच्या वैद्यकीय नियतकालिकांत पोहोचवले. आणि १९१८ साली उस्मानिया विद्यापीठ स्थापन झाल्यावर उर्दूने पुन्हा उच्च शिक्षणात, वैद्यकातसुद्धा, प्रवेश केला. तथापि राजधानीत एवढी विद्वत्ता नांदत असताना पूर्णेच्या खोऱ्यातील गावांना तिचा लाभ कितपत झाला, हे पाहू जाता चित्र उदास दिसते. संस्थान विलीन झाल्यानंतर, मराठवाडा मुंबई राज्यात आला त्याच १९५६ साली, औरंगाबादेस वैद्यकीय महाविद्यालय निघाले. त्याआधी साऱ्या मराठवाड्यात एकही नव्हते.

आता ज्या घटनेतून अखिल भारतीय परिषदेचा जन्म झाला तिच्याकडे वळू. हिंदी विद्यापीठांच्या वैद्यकीय पदव्यांना लंडनच्या काउन्सिलची मान्यता असे, आणि ती असल्यामुळे मुंबईचा पदवीधर साम्राज्यात कोठेही वैद्यकी करू शके. विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकात काउन्सिलने येथील शिक्षणाविषयी, विशेषतः प्रसूतिशास्त्राच्या प्रत्यक्ष शिक्षणाविषयी, तक्रार सुरू केली. विद्यार्थ्याने स्वतः किती बाळंतपणे केली याचा हिशेब मागितला. नॉर्मन वॉकर यांना पाहणीसाठी पाठवले. आणि अखेरीस १९३० साली मान्यता काढून घेतली. या तक्रारीत तथ्य नव्हते असे म्हणता येत नाही, कारण ज्या देशात स्त्रिया बाळंतपणासाठी रुग्णालयाची पायरी चढत नसत तेथे विद्यार्थ्याला अनुभव मिळणार तरी कोठून? परंतु तक्रार करणारा कोण आणि ज्याच्याविषयी तक्रार तो कोण, हेही त्या काळच्या लोकांना दिसत होते. सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांतील अध्यापकांच्या जागा इंडियन मेडिकल सर्व्हिसच्या लष्करी अधिकाऱ्यांच्या हातात होत्या. म्हणूनच परळला किंग एडवर्ड स्मारक रुग्णालयाबरोबर १९२६ साली सेठ गोवर्धनदास सुंदरदास मेडिकल कॉलेज निघाले तेव्हा देणगीदारांच्या विश्वस्तांनी अध्यापकवर्ग हिंदीच असावा अशी अट घातली होती, आणि जीवराज मेहता त्याचे पहिले अधिष्ठाता झाले. दर्जा हा शब्द निर्विकार वाटतो. पण तो ठरवण्याचा अधिकार कोणाकडे असावा यावरून मोठी झुंज चाललेली होती.

लंडनचा दरवाजा बंद झाल्यावर हिंदुस्थान सरकारला स्वतःचे मापदंड ठरवणारी संस्था काढणे भाग पडले. १९३३ चा कायदा झाला आणि १९३४ साली भारतीय वैद्यक परिषद, म्हणजे लोकांच्या तोंडी असलेले मेडिकल काउन्सिल, अस्तित्वात आले. येथेच पुढील सर्व गुंतागुंतीचे बीज पडले असे मला वाटते. परिषद काढण्याचा हेतू परदेशात मान्यता परत मिळवणे हा असल्यामुळे कायद्याने विद्यापीठाच्या पदवीधरांपुरताच विचार केला. वैद्यकशाळांतून तीन-चार वर्षे शिकून सनद घेतलेले परवानाधारक डॉक्टर, ज्यांना लायसेन्शिएट म्हणत, ते या व्यवस्थेच्या बाहेर राहिले. त्यांच्या संघटनेने कडाडून निषेध केला. उपयोग झाला नाही.

हे परवानाधारक किती होते? १९४३ साली जोसेफ भोर यांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या समितीने १९४६ साली जो अहवाल दिला त्यात ब्रिटिश हिंदुस्थानातील नोंदणीकृत डॉक्टरांची संख्या ४७,५२४ दिली आहे. त्यांपैकी पदवीधर १७,६५४ आणि परवानाधारक २९,८७०. म्हणजे पाच डॉक्टरांतले तीन असे होते की ज्यांना अखिल भारतीय परिषदेच्या लेखी स्थान नव्हते. दर ६,३०० माणसांमागे एक डॉक्टर, तोही बहुधा शहरात. असे असताना भोर समितीच्या बहुमताने शिफारस केली ती अशी, की यापुढे देशात एकाच प्रकारचा डॉक्टर असावा, त्याचे शिक्षण विद्यापीठाच्या पातळीवरचे असावे, आणि दुय्यम सनदेच्या शाळा बंद कराव्यात. काही सदस्यांनी भिन्न मत नोंदवले. इतक्या मोठ्या, इतक्या दरिद्री देशाला कमी मुदतीत तयार होणारा डॉक्टर परवडतो आणि लागतोही, असा त्यांचा आशय होता. बहुमताची सरशी झाली. शाळा एकामागून एक बंद झाल्या किंवा महाविद्यालयांत रूपांतरित झाल्या.

बहुमताच्या बाजूने बोलायचे तर त्यांचा युक्तिवाद उदात्त होता. खेड्यातील माणसाचा जीव शहरातील माणसाच्या जिवाइतकाच मोलाचा असेल, तर त्याला दुय्यम प्रतीचा डॉक्टर का म्हणून द्यावा? या प्रश्नाला उत्तर नाही. परंतु पहिल्या प्रतीचा डॉक्टर सिद्धेश्वरास जाईल कसा, याचेही उत्तर त्या युक्तिवादात नव्हते. असा प्रसंग केवळ आपल्यावरच आला असे नाही. अमेरिकेत १९१० साली अब्राहम फ्लेक्सनर यांचा अहवाल निघाला, त्याने सुमार वैद्यकशाळांची लक्तरे काढली, आणि पुढील काही वर्षांत निम्म्याच्या आसपास शाळा बंद पडल्या. शिक्षण सुधारले यात संशय नाही. पण कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांसाठी असलेल्या सात शाळांपैकी पाच त्यात गेल्या, आणि ज्या वस्त्यांना तेच डॉक्टर मिळत असत त्यांना पुढे कितीतरी वर्षे कोणीच मिळाले नाहीत. मापदंड उंचावला की त्याखाली राहिलेल्यांचे काय होते, हे मोजण्याची पद्धत तेथेही नव्हती.

स्वातंत्र्यानंतर १९५६ चा नवा कायदा आला, महाराष्ट्र राज्य झाल्यावर १९६५ साली महाराष्ट्र वैद्यक परिषदेचा कायदा झाला, आणि कामाची वाटणी बरीचशी स्थिर झाली. अभ्यासक्रम किती वर्षांचा, महाविद्यालयाला खाटा किती हव्यात, अध्यापक किती, कोणती पदवी ग्राह्य, हे दिल्लीने ठरवायचे. शिकवण्याचे आणि परीक्षेचे काम विद्यापीठाने करायचे, जे महाराष्ट्रात १९९८ पासून नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाकडे आहे. आणि डॉक्टरचे नाव दप्तरात घेणे, त्याच्याविरुद्धच्या तक्रारीची चौकशी करणे, गैरवर्तन शाबीत झाल्यास ताकीद देणे किंवा ठराविक मुदतीसाठी नाव उतरवणे, हे मुंबईच्या राज्य परिषदेने. पाच वर्षांनी नोंदणीचे नूतनीकरण, आणि त्यासाठी चर्चासत्रांतून, व्याख्यानांतून मिळवलेले ३० गुण, ही अटही त्याच दप्तराची.

एकीकडे हा पुढचा दरवाजा अधिकाधिक अरुंद होत असताना बाजूचा दरवाजा उघडा राहिला होता, आणि त्याची कहाणी महाराष्ट्रात फार लांबची आहे. मुंबई सरकारने १९३८ साली वैद्य आणि हकीम यांच्या नोंदणीचा कायदा केला; देशातील अशा प्रकारच्या आरंभीच्या कायद्यांत त्याची गणना होते. १९६१ साली त्याच्या जागी महाराष्ट्राचा कायदा आला. आयुर्वेद महाविद्यालये वाढली, त्यांच्या अभ्यासक्रमात आधुनिक शरीरशास्त्र, शल्यक्रिया, प्रसूतिशास्त्र यांचा भाग पडत गेला, आणि बी.ए.एम.एस. पदवीधर तालुक्याच्या बाजारपेठेत बसून प्रतिजैविके आणि सलाइन देऊ लागला. १९९२ साली राज्य सरकारने अधिसूचनेने त्यास परवानगीही दिली. १९९६ साली सर्वोच्च न्यायालयाने मुंबईतील एका प्रकरणात, जेथे होमिओपॅथीच्या डॉक्टरने आधुनिक औषधे दिली आणि रोगी दगावला, फार कठोर शब्द वापरले आणि आपल्या पद्धतीबाहेरचे औषध देणाऱ्यास भोंदू वैद्यांच्या पंक्तीत बसवले. दोन वर्षांनी त्याच न्यायालयाने दुसऱ्या निवाड्यात सांगितले की राज्याच्या कायद्याने परवानगी असेल तेथवर ते ग्राह्य आहे. २०१४ साली महाराष्ट्राने होमिओपॅथांसाठी औषधशास्त्राचा एक वर्षाचा अभ्यासक्रम मान्य केला, आणि तो पुरा केलेल्यांची नोंद महाराष्ट्र वैद्यक परिषदेत घेण्याचा प्रश्न २०२५ साली पेटला तेव्हा एम.बी.बी.एस. डॉक्टरांच्या संघटना रस्त्यावर उतरल्या.

या वादात दोन्ही बाजूंचे बोलणे ऐकताना मला १९४६ च्या अहवालातील त्या भिन्नमताची आठवण होते. परवानाधारक डॉक्टर नाहीसा झाला असे आपण मानले; प्रत्यक्षात तो निरनिराळ्या पदव्यांची अक्षरे लावून परत येत राहिला, कारण त्याची गरज संपलेली नव्हती. फरक एवढाच की जुन्या परवानाधारकाला जे काम करायचे होते तेच रीतसर शिकवले जात असे. आजच्या त्याच्या वारसाला एक शास्त्र शिकवले जाते आणि दुसरे करावे लागते. हे धोरण कोणी विचारपूर्वक आखले असेल असे वाटत नाही. ते साचत गेले.

दिल्लीच्या परिषदेला या बाजूच्या दरवाजाकडे पाहायला सवड नव्हती, कारण तिच्या हाती एक निराळेच मोल आले होते. १९८३ नंतर महाराष्ट्रात खाजगी वैद्यकीय महाविद्यालयांना वाट मोकळी झाली, देणगीच्या नावाखाली एवढ्या रकमा घेतल्या जाऊ लागल्या की १९८७ साली राज्याला कॅपिटेशन फी बंद करण्याचा कायदा करावा लागला, आणि १९९३ साली केंद्राने नियम केला की नवे महाविद्यालय काढण्यास किंवा जागा वाढवण्यास परिषदेच्या शिफारशीने केंद्र सरकारची आगाऊ परवानगी हवी. हेतू बेबंद वाढ रोखण्याचा होता. परंतु ज्या शिफारशीवर कोट्यवधी रुपयांचा व्यवहार अडला आहे ती शिफारस देणाऱ्याच्या टेबलावर काय काय येऊन पडेल, याचा अंदाज बांधण्यास फार दूरदृष्टी लागत नव्हती.

तपासणीचा तो दिवस कसा असतो, हे संसदीय समितीच्या अहवालांतून आणि न्यायालयांच्या निकालांतून आता सर्वज्ञात झाले आहे. तपासनीस सकाळी येतात, त्या दिवशी अध्यापकांच्या हजेरीपटावर एकही जागा रिकामी नसते. वर्षभर दुसऱ्याच शहरात दवाखाना चालवणारे प्राध्यापक अंगात पांढरा कोट घालून ओळीने उभे असतात, आपला मूळ दाखला आणि राहत्या पत्त्याचा पुरावा पुढे करतात. खाटांवर जवळच्या गावांतून गाडीने आणलेली माणसे निजलेली असतात, ज्यांच्या केसपेपरवर पोटदुखी लिहिलेली असते आणि ज्यांना संध्याकाळी जेवण आणि थोडे पैसे देऊन परत पोहोचवले जाते. खाटा मोजल्या जातात, ग्रंथालयातील पुस्तके मोजली जातात, व्याख्यानगृहाचे चौरस मीटर मोजले जातात. विद्यार्थ्याला सलाइनची सुई लावता येते काय, हे मोजले जात नाही. दर्जा म्हणून ज्याची राखण चालली होती तो हा.

२०१० साली परिषदेच्या अध्यक्षांना केंद्रीय अन्वेषण विभागाने लाचेच्या आरोपाखाली अटक केली आणि सरकारने परिषद बरखास्त करून नियामक मंडळ नेमले. काही काळाने परिषद परत आली. मार्च २०१६ मध्ये संसदेच्या स्थायी समितीने आपल्या ९२ व्या अहवालात ती मुळापासून बदलण्याची शिफारस केली, त्याच वर्षी सर्वोच्च न्यायालयाने माजी सरन्यायाधीश लोढा यांच्या अध्यक्षतेखाली तिच्यावर देखरेख समिती बसवली, आणि २०१९ च्या कायद्याने २५ सप्टेंबर २०२० पासून तिच्या जागी राष्ट्रीय वैद्यकीय आयोग आला. आयोगाखाली चार मंडळे आहेत. एक पदवीपूर्व शिक्षण पाहते, दुसरे पदव्युत्तर, तिसरे महाविद्यालयांची तपासणी आणि मानांकन करते, चौथे आचारनीती आणि नोंदणी. परवानगी देणारा आणि अभ्यासक्रम ठरवणारा हात एकच नसावा, हा या विभागणीचा आशय असून तो योग्यच आहे. परंतु जुन्या परिषदेत पदवीधर डॉक्टरांनी आणि विद्यापीठांनी निवडून दिलेले सदस्य बहुसंख्य असत, तेथे आयोगाचे ३३ सदस्य जवळजवळ सर्व नेमलेले किंवा पदसिद्ध आहेत. निवडणुकीने भ्रष्टाचार आला असे निदान झाले आणि नेमणूक हा उपाय ठरला. २०२५ साली महाविद्यालयांच्या तपासणीतील लाचखोरीबद्दल अन्वेषण विभागाला पुन्हा मोठा गुन्हा नोंदवावा लागला, यावरून उपाय कितपत लागू पडला हे ज्याचे त्याने ठरवावे. अध्यापकांची हजेरी आधी बोटाच्या ठशावरून घेतली जाई, आता चेहऱ्यावरून घेतली जाते. २०२३ साली वैद्यकीय शिक्षणाच्या जागतिक महासंघाने आयोगाला दहा वर्षांसाठी मान्यता दिली, त्यामुळे १९३० साली बंद झालेल्या दरवाजासारखाच एक दरवाजा परदेशी जाऊ इच्छिणाऱ्यांसाठी उघडा राहिला आहे.

२०१९ च्या कायद्यातील दोन कलमे सिद्धेश्वरच्या दृष्टीने महत्त्वाची आहेत. कलम ३२ ने प्राथमिक स्वरूपाचे उपचार मर्यादित परवान्याने करणारे ‘सामुदायिक आरोग्य प्रदाता’ नेमण्याची मुभा दिली, त्यांची संख्या एकूण नोंदणीकृत डॉक्टरांच्या एकतृतीयांशापेक्षा अधिक नसावी अशी मर्यादा घालून. भोर समितीने ज्याला बाहेर काढले तो तिहत्तर वर्षांनी कायद्यात परतला, आणि डॉक्टरांनी देशव्यापी संप केला. दुसरे कलम तक्रारीचे. राज्य परिषदेच्या निर्णयावर आयोगाच्या आचारनीती मंडळाकडे अपील करण्याचा हक्क कायद्याने डॉक्टरला स्पष्ट शब्दांत दिला आहे. तक्रारदार रोग्याचा उल्लेख त्या कलमात नाही, आणि रोग्यांची अपिले त्याच कारणाने नामंजूर होत आली आहेत. २००२ च्या आचारसंहितेने मात्र रोग्याच्या हाती एक उपयोगी शस्त्र ठेवले आहे, जे फार थोडे लोक वापरतात: दाखल रोग्याची कागदपत्रे डॉक्टरने तीन वर्षे जपली पाहिजेत आणि मागणी केल्यापासून ७२ तासांच्या आत दिली पाहिजेत.

दप्तराबाहेरच्या माणसांनी काय करून दाखवले, हे सांगितल्यावाचून हा विषय पुरा होत नाही. १९७० साली रजनीकांत आणि मेबल आरोळे या डॉक्टर दांपत्याने जामखेडला काम सुरू केले आणि निरक्षर बायकांना आरोग्यसेविका म्हणून तयार केले. गडचिरोलीत अभय आणि राणी बंग यांनी गावातल्या स्त्रियांना नवजात बालकाचा श्वास मोजायला, जंतुसंसर्ग ओळखायला आणि प्रसंगी इंजेक्शन द्यायला शिकवले. १९९९ साली लॅन्सेटमध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासात नवजात मृत्यूंचे प्रमाण ६२ टक्क्यांनी घटल्याचे दिसले. या बायकांपैकी एकीचेही नाव कोणत्याही वैद्यक परिषदेत नव्हते. यावरून परिषदा निरुपयोगी ठरतात असे नव्हे, कारण या दोन्ही ठिकाणी शिकवणारे आणि पाठीशी उभे राहणारे डॉक्टर उत्तम महाविद्यालयांत घडलेले होते. परंतु कोणते काम कोणाच्या हाती द्यावे याची वाटणी दप्तरे ठेवणाऱ्यांनी न करता अशा ठिकाणी झाली, हे खरे. आयोगाने अलीकडे प्रत्येक विद्यार्थ्याने पहिल्या वर्षापासून खेड्यातील काही कुटुंबे दत्तक घ्यावीत असा जो नियम केला, त्याचे मूळही १९६९ पासून सेवाग्रामच्या महात्मा गांधी वैद्यकीय संस्थेत चालत आलेल्या ग्रामशिबिरांत सापडते.

मराठवाड्यात औरंगाबादनंतर १९७४ साली अंबाजोगाईस स्वामी रामानंद तीर्थ यांच्या नावाने ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय निघाले, १९८८ साली नांदेडला, २००२ साली लातूरला, २०२३ साली परभणीला. हिंगोलीचे शासकीय महाविद्यालय राज्यातील इतर नऊ महाविद्यालयांबरोबर ९ ऑक्टोबर २०२४ रोजी सुरू झाले, जागा १००. ज्या मुलखाला हैदराबादेचे वैद्यक दूरवरून ऐकूनच ठाऊक होते, तेथे आता शवविच्छेदन जिल्ह्याच्या गावी शिकवले जाते. या पहिल्या तुकडीचा साडेचार वर्षांचा अभ्यासक्रम आणि एका वर्षाची आंतरवासिता संपेपर्यंत २०३० उजाडेल. त्यानंतर शासकीय महाविद्यालयाच्या विद्यार्थ्याला एक वर्ष सरकारी सेवा बंधनकारक असते, जी १० लाख रुपये भरून चुकवण्याची वाट अनेक वर्षे मोकळी होती. आणि २०१९ च्या कायद्याने देशभरच्या विद्यार्थ्यांसाठी जी एकच अंतिम परीक्षा, ‘नेक्स्ट’, तीन वर्षांत लागू करायची होती तिची ती मुदत कधीच टळून गेली, तेव्हा हिंगोलीच्या या शंभर जणांची नावे मुंबईच्या दप्तरात नाशिकच्या परीक्षेवरून चढतील की दिल्लीच्या, हे त्यांनी प्रवेश घेतला तेव्हा ठरलेले नव्हते.